दोनदा पडलेली रेनाटे

रेनाटे,

तुझ्याशी मराठीत बोलायची ही पहिलीच वेळ. तुला यातलं अक्षरही कळणार नाही आणि खरं सांगते, त्यामुळेच जरा धीर आलाय. मी जर्मन बोलायला लागले की तुझी डावी भुवई वर जायची आणि मला कळायचं, पुल्लिंगी 'डेअर'च्या जागी स्त्रीलिंगी 'डी' म्हणून गेले. आता मराठीत मला कुठे पकडशील?

तू माझ्या आईच्या वयाची. पुण्यात भेटली असतीस तर मी तुला काकू म्हटलं असतं, अहो-जाहो केलं असतं आणि आपलं भांडण कधी झालंच नसतं. मी तोंडावर हो म्हणून घरी येऊन चरफडले असते. पण दुसऱ्याच भेटीत तू हात पुढे केलास आणि म्हणालीस, "मी रेनाटे. आपण 'डू' म्हणू या." डू म्हणजे तू. ते जिभेवर बसायला मला अख्खा हिवाळा लागला. आता बसलंय, तर इथेही तूच म्हणते.

आपल्या गावच्या पेपरात तुझ्यावर अर्धं पान आलंय. ज्युनियर संघातली स्कीपटू, मग विभागाच्या स्की-संघाची पहिली महिला अध्यक्ष, मग नगरपरिषदेत, मग एक टर्म लांडटागमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानसभेत. सगळं बरोबर आहे. फोटोही बरा आहे, तुला आवडला नसता. पण वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई जिन्याच्या पायऱ्या चढावी तशी निवांत चढत गेली. ज्याने लिहिलं त्याने तुला पडताना बघितलेलं नाही. तू दोनदा पडलीस. एकदा मी समोर होते. दुसरं, म्हणजे खरं तर पहिलं, तू सांगितलंस, तेही मला नाही, माझ्या मुलीला.

आणि आपली ओळख झाली ती मी पडले म्हणून.

माझा नवरा नितीन आणि मी तेव्हा नुकतेच इथे, आल्बच्या डोंगरावर राहायला आलो होतो. ऑफिस गेर्लिंगेनला, घर तिथून तासाभरावर. आमची सई पहिलीत होती. तिचा सगळा वर्ग शनिवारी गावच्या स्की-क्लबात जायचा, म्हणून तीही जायला लागली, आणि एका शनिवारी मला कुणीतरी पालकांच्या शिकवणीत ढकललं. भाड्याच्या स्की, नितीनची मोठी हातमोज्यांची जोडी आणि आयुष्यात पहिल्यांदा पायाखाली उतार. मी सुरू झाले ते थांबलेच नाही. थांबले ते उताणी, झुरळासारखी, पाय वर. लाल टोपी घातलेली एक उंच बाई शेजारी येऊन उभी राहिली. मी हात वर केला. तू तो घेतला नाहीस.

"हात देणार नाही," तू म्हणालीस. "माझा गुडघा तुझं वजन घेणार नाही, मग दोघी पडू. स्की उताराला आडव्या कर. आता कुशीवर वळ. आता काठी रोव."

मला वाटलं, काय उद्धट माणसं आहेत ही. शेजारून पोरं सर्रकन जात होती, त्यातच माझी सई ओळख न दाखवता गेली. शेवटी मी उभी राहिले, घामाघूम. तू फक्त "सो!", म्हणजे 'झालं!', म्हणालीस आणि पुढच्या पडलेल्या बापाकडे गेलीस.

तू कोण हे मला शोर्शने सांगितलं. शोर्श म्हणजे लिफ्टवाला. दोरीला धरलेल्या पोरांना वर ओढणारी ती लिफ्ट त्याने तरुणपणी गावातल्या चार जणांबरोबर उभारली होती आणि म्हातारा झाला तरी तिच्या खोपटातून हलत नव्हता. तुला स्कीवर पहिल्यांदा उभं केलं तेही त्यानेच, तू चिमुरडी असताना. "ती? ती आमची रेनाटे," तो म्हणाला होता. "आमदार आहे. पण वळताना उजव्या बाजूला अजून चुकते."

त्यानंतर तू शनिवारी दुपारी आमच्याकडे यायला लागलीस. स्कीचे बूट दारात, ओले मोजे हीटरवर आणि तू स्वयंपाकघरातल्या बाकावर, साबुदाण्याच्या खिचडीची बशी घेऊन. 'पेर्लेन' म्हणायचीस तू त्याला, मोती. आणि बोलायचीस. स्की-संघाच्या कार्यकारिणीत पहिल्यांदा गेलीस तेव्हा टेबलाभोवती सगळे पुरुष. अध्यक्षांनी कॉफीचं भांडं अगदी सहज तुझ्यापुढे सरकवलं. तू स्वतःचा कप भरलास, भांडं परत त्यांच्यापुढे सरकवलंस आणि विषयपत्रिकेतला पहिला मुद्दा वाचायला घेतलास. "त्या दिवशी बाकी कुणीच कॉफी प्यायलं नाही," तू सांगितलंस. "बैठक लवकर संपली."

मला नगरपरिषदेच्या बैठकीला न्यायचा हट्ट तुझाच. सुरुवातीला गावकऱ्यांना प्रश्न विचारायला थोडा वेळ असतो. मी म्हटलं, मी कुठे इथली नागरिक, माझा पासपोर्ट भारतीय. तू म्हणालीस, "पासपोर्ट कोण विचारतोय? इथे राहतेस ना? मग विचार." मी दोनदा नुसती बसून आले. पार्किंग, गटार, बालवाडीचं कुंपण. मला जांभया आल्या. तुला आनंद झाला. "कंटाळा आला ना? छान. जिथे बैठका कंटाळवाण्या असतात तिथे लोक सुखाने झोपतात."

सईचं म्हणशील तर, शाळेत ती बरीच वर्षं 'ती भारतीय मुलगी' होती. वाईट वागायचं कुणी नाही, पण दिवाळी आली की तिलाच उभं करायचे, भात म्हटलं की तिच्याकडे बघायचे. उतारावर मात्र ती फक्त जोरात जाणारी मुलगी होती. लिफ्टच्या रांगेत तिला कुणी कुठली म्हणून विचारत नव्हतं. शेजारच्या गावाशी शर्यत असली की सगळे 'आमची सई' म्हणून ओरडायचे, आणि ती 'आमची' ऐकायला मी थंडीत गोठत उभी राहायचे. घरी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणारी माझी मुलगी तिथे कुणाच्याच प्रश्नाला उत्तर द्यायला बांधील नव्हती.

म्हणून तर मी तुझ्याशी भांडले.

हिवाळ्यामागून हिवाळे कोरडे जायला लागले होते. उतारावर बर्फापेक्षा गवत जास्त. त्यातच तपासणीत लिफ्टची दोरी नापास झाली. त्याच वर्षी शाळेच्या लहान जलतरण तलावाचं छप्पर गळायला लागलं, तलाव बंद झाला आणि गावातली पोरं पोहायला शिकेनाशी झाली. नगरपरिषदेला एकच काम परवडणार होतं: नवी दोरी आणि कृत्रिम बर्फाची यंत्रं, नाहीतर तलावाचं छप्पर. सगळं गाव तुझ्याकडे बघत होतं. नगरपरिषदेत तू, लांडटागमध्ये तू, आणि स्कीवाली तर तूच. लिफ्ट वाचणार यात कुणाला शंका नव्हती.

तू तलावाच्या बाजूने मत देणार आहेस हे मला माझ्याच स्वयंपाकघरात कळलं. बटाटे सोलताना.

"निवडणूक तोंडावर आहे," मी म्हटलं.

"माझ्या पक्षाचे दोन सद्गृहस्थ काल श्टुटगार्टहून हेच सांगायला आले होते. म्हणे, विषय पुढे ढकला, निकालानंतर बघू."

"मग ढकल ना."

"निकालानंतर मी हेच करणार असेन, तर आधी गप्प बसून मतं घेणं म्हणजे काय?" तू सोललेला बटाटा पाण्यात टाकलास. "आल्झो, तेव्हा नाही जमायचं."

मी सुरी खाली ठेवली. "सईची ती एकच जागा आहे, रेनाटे. शाळेत नाही, रस्त्यावर नाही, तिथेच फक्त ती इथली असते. तू ती जागा बंद करतेयस."

"ती जागा लिफ्टने दिली नाही तिला. तिने स्वतः मिळवली."

"हे तू म्हणू शकतेस. तुझं आडनाव इथल्या स्मशानातल्या निम्म्या दगडांवर आहे."

तू उरलेले बटाटे संपवलेस, हात पुसलेस आणि म्हणालीस, "हे बैठकीत बोल. इथे नको, तिथे. सगळ्यांसमोर. मी चूक असेन तर ते नोंदलं जायला हवं."

मला वाटलं तू मला टाळतेयस. पण मी गेले. सभागृह खच्चून भरलं होतं, शोर्श पहिल्या रांगेत रविवारचा कोट घालून बसला होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी देशमुख, इथे राहते. लिफ्ट बंद करायचा विचार ज्यांनी केला, त्यांनी तिथे जाणाऱ्या मुलांना आधी विचारलं का? की त्यांच्यासाठी काय बरं हे मोठ्यांना न विचारताच कळतं?" एवढंच. पण अख्ख्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत गावाने माझ्यासाठी पहिल्यांदा वाजवलेल्या टाळ्या, आणि त्या तुझ्याविरुद्ध होत्या.

तू उभी राहिलीस. मला 'फ्राउ देशमुख' म्हणालीस, नियमाप्रमाणे. म्हणालीस, "प्रश्न योग्य आहे. नाही विचारलं. विचारायला हवं होतं." मग बसण्याआधी म्हणालीस, "तरीही मी तलावालाच मत देईन. बर्फ आता येत नाही. यंत्राने आणलेला बर्फ आपण किती वर्षं आणणार? आणि ज्याला स्की येत नाही ते मूल मरत नाही. ज्याला पोहता येत नाही ते मरू शकतं."

एका मताने लिफ्ट गेली. शोर्श उठला, टोपी घातली आणि तुझ्या खुर्चीशेजारून, तुझा कोट घासून जाईल इतक्या जवळून, न बघता बाहेर पडला.

जिन्यात तू मला गाठलंस. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तू म्हणालीस, "क्रियापद बरोबर शेवटी आलं. दोन्ही वाक्यांत." आणि गेलीस. जर्मन जोडवाक्यात ते शेवटी न्यावं लागतं, आणि माझं नेहमी मध्येच अडकायचं.

त्या आठवड्यात कुणीतरी तुझ्या फाटकाला जुनी लाकडी स्की लटकवली, तिला काळी फीत बांधून. तू ती बरेच दिवस काढलीच नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "लाकूड चांगलं आहे." पण तू तेव्हा माझ्याकडे बघत नव्हतीस. सई तुला रस्त्यात दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जायची. मी तिला रागावले नाही. मीही तुला महिनाभर शनिवारी बोलावलं नाही, आणि तूही आली नाहीस.

लांडटागच्या निवडणुकीच्या संध्याकाळी मी आले मात्र. निकाल दाखवायला नगरपरिषदेच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. तेव्हा माझ्या सासूबाई पुण्याहून आलेल्या, त्यांना घरी एकटं ठेवायला नको म्हणून मी त्यांनाही घेऊन आले. आईंना तू आवडायचीस. तुम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि तरी तुमच्या गप्पा चालायच्या. पडद्यावर आकडे फिरले. लोक तुझ्याभोवतून हळूहळू पांगले, जणू कुणी बोलावलंय त्यांना. कागदी प्लेटमधली सॉसेजेस घेऊन सगळे अचानक कोपऱ्यांत गेले. तू हॉलच्या मधोमध एकटी उभी राहिलीस, हातात सफरचंदाच्या रसाचा ग्लास.

आई सरळ तुझ्यापाशी गेल्या, दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "अहो रेनाटेबाई, पडलात हो तुम्ही?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी भाषांतर केलं आणि मग समजावूनही सांगितलं, की आमच्याकडे निवडणूक हरणाऱ्याला 'पडला' म्हणतात. सायकलवरून पडतात तेच पडणं. स्कीवरून पडतात तेच.

तू हसलीस. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी, आणि ते कशाचं होतं ते मी विचारलं नाही. "मग मला सवय आहे," तू म्हणालीस. आणि आईंना, जर्मनमध्येच, सावकाश म्हणालीस, "हो. पडले." आईंनी पर्समधून लाडवाचा डबा काढला. हरलेल्या उमेदवाराला भर हॉलमध्ये रव्याचा लाडू खाताना त्या गावाने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

त्या शनिवारी तुझे ओले मोजे परत आमच्या हीटरवर आले. भांडण मिटलं नव्हतं. फक्त भांडण होतं म्हणून न भेटायचं, हे थांबलं.

सई मात्र तुझ्याशी बोलत नव्हती. ती दूरच्या एका मोठ्या क्लबात जायला लागली होती, दर शनिवार-रविवार नितीन तिला गाडीने न्यायचा. तिथून ती विभागाच्या काडरमध्ये निवडली गेली, म्हणजे निवडक मुलांच्या संघात. ही बातमी मी तुला सांगितली तेव्हा तू खिचडी खायची थांबलीस आणि विचारलंस, "उजवीकडे कशी वळते?" मी म्हटलं, चांगली. "मग शोर्शने शिकवलेलं नाही," तू म्हणालीस.

आणि त्या हिवाळ्यात सई शर्यतीत पडली. गुडघ्याचा लिगामेंट गेला.

ऑपरेशननंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. ना माझ्याशी बोलायची, ना नितीनशी. तू आलीस तेव्हा मी तुला बाहेरच थांबवणार होते, पण तू मला बाजूला करून खुर्ची ओढून बसलीस. सईने मान वळवली नाही. तू तिच्या पाठीशी बोललीस. तुझं ते सगळं मी ओळीने सांगू शकेन असं वाटतं, कारण मी पाण्याची बाटली हातात घेऊन तशीच उभी होते.

तू म्हणालीस की तू तिच्याहून थोडी मोठी होतीस. पश्चिम जर्मनीच्या ज्युनियर संघात नुकती आलेली. डाउनहिलची निवड-शर्यत, सकाळी धुकं, शेवटच्या वळणावर उजवी स्की अडकली. शुद्ध आली ती हॉस्पिटलात. तिसऱ्या का चौथ्या दिवशी संघाचा माणूस आला. फुलं आणली होती. फुलं पलंगाशी ठेवली, बरी हो म्हणाला, आणि मग जरा घुटमळून विचारलं, संघाचं जॅकेट कुठे आहे? ते परत न्यायचं होतं. तुझ्या जागी आलेल्या मुलीला तेच माप येत होतं.

"आईने ते कपाटातून काढून त्याला दिलं," तू म्हणालीस. "घडी घालून. त्याला वाईट वाटत होतं, माणूस वाईट नव्हता. पण मला तेव्हा कळलं की त्यांच्या लेखी मी जॅकेटच्या आतलं काहीतरी होते."

सईने तेव्हाही मान वळवली नाही. पण तिने विचारलं, भिंतीलाच, "मग?"

"मग मी त्यांच्याच ऑफिसात शिरले. आधी मुलांची प्रशिक्षक, मग सचिव, मग अध्यक्ष. लोकांना वाटलं मला खुर्ची हवी. मला एकच नियम हवा होता. जखमी झालेल्या मुलाला काडरमधून काढायचं नाही. पुढच्या हंगामापर्यंत त्याची जागा त्याची. त्याचा फिजिओ संघाचा. तो नियम व्हायला माझं निम्मं आयुष्य गेलं, कारण दर बैठकीत कुणीतरी म्हणायचं, रेनाटे, भावनेच्या भरात नको." तू उठलीस. "तुझं जॅकेट न्यायला कुणी येणार नाही, सई. आलंच तर मला फोन कर."

तेव्हा ती वळली. तुला म्हणाली, "तरी लिफ्ट बंद करायला नको होती."

"असेल," तू म्हणालीस. "पाय उशीवर ठेव. उंच. अजून उंच."

इतक्या वर्षांत ही गोष्ट तू मला कधी सांगितली नव्हतीस. दर शनिवारी आमच्या बाकावर बसून, कॉफीच्या भांड्याच्या आणि मंत्र्यांच्या नकला करून, ही एकच गोष्ट बाजूला ठेवली होतीस. मला आधी राग आला, मग कळलं. तू ती मनोरंजनासाठी वापरणार नव्हतीस. कुणाला तरी तिची गरज लागेपर्यंत ती तशीच ठेवणार होतीस. भाषणातही नाही सांगितलीस, रेनाटे. निवडणुकीच्या आधी सांगितली असतीस तर कदाचित पडली नसतीस.

त्यानंतर तू आणि सई दर आठवड्याला फिजिओच्या व्यायामावरून फोनवर कचाकचा भांडायचात. एवढं जर्मन इतक्या वेगात मला अजून कळत नाही.

आणि मग तुझं दुखणं. तू ते आम्हाला अगदी उशिरा सांगितलंस, तेही दुसऱ्याच कशावर तरी बोलता बोलता, बैठकीच्या शेवटी 'इतर विषय' घ्यावा तसं. शेवटची भेट दुपारची होती. ऊन खिडकीतून तुझ्या चादरीवर पडलं होतं. तू खूप बारीक झाली होतीस आणि भुवई मात्र तीच.

तू विचारलंस, "लिफ्टचा राग आहे का अजून?"

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. कुणीही म्हटलं असतं. आमच्याकडे तर अशा वेळी नाहीच म्हणतात, हात हातात घेतात आणि सगळं माफ असतं. मी म्हटलं, "हो. थोडा."

तू डोळे मिटलेस. "गुट," म्हणालीस. चांगलं आहे.

त्यापुढचं मी बोलले नाही, ते आत्ता बोलते. माझ्या आयुष्यात मी मोठ्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. वडिलांना नाही, सासऱ्यांना नाही, ऑफिसातल्या साहेबाला नाही. मला वाटायचं, विरोध केला की नातं संपतं. तुला भर सभेत विरोध केला आणि तू माझं व्याकरण तपासलंस. मी चाळिशी ओलांडल्यावर मला हे कळलं की माणसावर चिडून त्याच्याच शेजारी बसून जेवता येतं. याबद्दल आभार मानायचे राहिले. आणि मुलांना आधी विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं अजूनही तसंच आहे. तू चूक कबूल केलीस, पण मुलांना विचारलं नाहीसच. या दोन्ही गोष्टी मला एकाच दमात म्हणायच्या होत्या, आणि त्या दुपारी मला त्याचं जर्मन सुचलं नाही.

परवा तुला निरोप दिला. चर्च भरलं होतं. श्टुटगार्टचे ते पक्षाचे दोघेही आले होते. महापौरांनी तलावाला तुझं नाव द्यायचं सुचवलं आणि लोकांनी माना डोलावल्या, त्यांत स्की लटकवणारा कोण हे मी शोधत होते. सई कुबडीशिवाय आली. ती पुढच्या हंगामात उतरणार आहे की नाही, अजून ठरलेलं नाही. जागा आहे तिची.

शोर्श सगळ्यात मागे बसला होता. त्या मतदानानंतर तो तुझ्याशी एक शब्द बोलला नव्हता हे गावाला माहीत होतं, म्हणून त्याच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. नंतर सगळे कॉफी-केकला गेले तेव्हा तो बाहेर कठड्याला टेकून उभा होता. मी म्हटलं, घरी सोडते.

गाव ओलांडल्यावर तो म्हणाला, "ती दर शनिवारी माझ्या दारात ब्रेत्सेल ठेवायची. ताजे. पिशवी कडीला अडकवून जायची. त्या दिवसापासून एकही शनिवार चुकवला नाही, आजारी पडेपर्यंत."

बेकरीतल्या त्या गाठ मारलेल्या खाऱ्या पावांचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे यायच्या आधी तू तिकडे जायचीस तर.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"खाल्ले." तो खिडकीबाहेर बघत होता. "दार नाही उघडलं. पडद्याआडून बघायचो, तिचा गुडघा पायऱ्यांवर दुखायचा. मनात म्हणायचो, असू दे, राहू दे. मी तिच्यापेक्षा केवढा मोठा. आधी मी जाणार होतो ना. मग ती माझ्या मातीला आली असती, दोन शब्द बोलली असती, आणि मिटलं असतं आमचं." त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. "असं ठरलं होतं माझं."

मी गाडी कडेला घेतली.

आज शनिवार. सकाळी मी बेकरीत गेले, ब्रेत्सेल घेतले आणि त्याच्याकडे गेले. मी कडीला पिशवी अडकवली नाही, घंटी वाजवली. उघडायला त्याला वेळ लागला. त्याने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढे मी एकटा कसे खाणार? आत ये."

त्याने लोणी काढलं, कॉफी केली. आणि मग तो बोलायला लागला, माझ्याशी नाही, रेनाटे, तुझ्याशी. मध्येच 'तू' म्हणायचा, टेबलावर मूठ आपटायचा, लिफ्टचं सांगायचा, तू लहान असताना एकदा धुक्यात हरवलीस आणि त्याने तुला कसं शोधलं ते सांगायचा, आणि परत लिफ्टवर यायचा. सगळं त्याच्या त्या जुन्या श्वेबिश बोलीत. निम्मंअधिक मला कळलं नाही. पण मी त्याला थांबवलं नाही.